आजी, आई, मी आणि कादंबरीत न आलेल्या बायका

शिरपूर तालुक्यातल्या, सध्या पुण्यात नोकरी करणाऱ्या एका लेखिकेने पहिल्या कादंबरीचा आराखडा आणि काही प्रकरणं पाठवली आहेत. भाग तीन: ‘आजी’, ‘आई’, ‘मी’. दोघांनी वाचून एकच शेरा मारला, की भाषा चांगली आहे पण ही कादंबरी नाही, ही तीन व्यक्तिचित्रं आहेत. तिचे प्रश्न असे: भागांचा क्रम उलटा करू का? अहिराणी किती ठेवू? लिहिलेलं आईला आधी दाखवू की छापून आल्यावर?

ताई, क्रमाने काही होणार नाही. ‘मी’पासून सुरू करून मागे गेलात तरी तीन व्यक्तिचित्रंच राहतील. मी धुळ्यात बसून बरीच वर्षं कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचते आणि दुरुस्त करते. आजी, आई, मी हा साचा माझ्याकडे सतत येतो. त्यात आजी सोसते, आई निभावते, मुलगी सुटते. तुमच्याकडेही तेच झालंय. तुमच्या पानांच्या समासात मी पुन्हा पुन्हा एकच प्रश्न लिहीत गेले: या तिघींनी एकमेकींचं काय घेतलं आणि काय बुडवलं?

कारण तुमच्या घरात कुणी कुणाचं काही केलेलंच नाही. आजीला त्रास झाला तो ‘सासरच्यांचा’, आईला ‘परिस्थितीचा’, तुम्हाला ‘समाजाचा’. आजी ही तुमच्या आईची सासू होती, हे मला पन्नास पानांनी कळलं. त्या दोघी एका चुलीवर चोवीस वर्षं होत्या आणि त्यांच्यात एकदाही ठिणगी उडत नाही? खान्देशातल्या वाचक बायका हे पान वाचून पुस्तक मिटतील. खरं तर ज्या आजीला तिच्या सासूने पाटाखालचं मीठसुद्धा मोजून दिलं, तिनेच पुढे सुनेला तेल मोजून दिलं असेल. ते लिहायला तुम्ही कचरता, कारण आजीवर तुमचा जीव आहे. जीव असलेल्या माणसाचा दोष लिहिता आला तरच ते माणूस पानावर उभं राहतं.

आता मुद्द्याची गोष्ट. आराखड्याच्या दुसऱ्या भागात तुम्ही दोन ओळींत एक प्रसंग उरकला आहे: ‘२००६ च्या आखाजीला आई अमळनेरकडे माहेरी गेली, दुसऱ्या दिवशी मामांनी तालुक्याला नेऊन सही घेतली, येताना साडी दिली.’ पुढचं वाक्य पपईच्या भावाचं. ती सही म्हणजे बापाच्या जमिनीतला हक्क सोडल्याची. तुमची कादंबरी त्या दोन ओळींत आहे, बाकीची पानं तिच्या भोवतीचं आवार आहे.

आधी तारीख तपासू. २००६ मध्ये आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला होती, रविवारी. म्हणजे दुसरा दिवस १ मे, महाराष्ट्र दिन, सरकारी सुट्टी. दस्त नोंदवण्याचं, म्हणजे दुय्यम निबंधकाचं कार्यालय बंद. सही दुसऱ्या दिवशी झालेली असूच शकत नाही, लवकरात लवकर मंगळवारी, २ मेला. म्हणजे आईला माहेरी एक दिवस जास्त ठेवून घेतलं गेलं. त्या रिकाम्या सोमवारी त्या घरात काय झालं असेल? झोके उतरले होते का? आमरस कुणी काढला? मामी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलत होती का? सकाळच्या गाडीने परत निघायचं ठरलेलं असताना ‘राहा ना अजून एक दिवस’ हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं? माझा अंदाज, तुमच्या आईच्या आईच्या. हे प्रकरण तीस पानांचं आहे, आणि ते तुम्हाला कॅलेंडरने दिलं.

कायद्याची पार्श्वभूमी लेखिकेला पक्की माहीत हवी, पानावर मात्र ती पाठ म्हणून दाखवायची नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या हिश्शात वारस केलं, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्माने हक्क मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींनाही तो हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या. तुमच्या आईचं लग्न १९८८ चं, म्हणजे ती बाहेर. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्न झालेली-न झालेली हा भेद गेला. तुमचे आजोबा, आईचे वडील, १९९९ ला वारले. बाप २००५ मध्ये जिवंत नसेल तर मुलीला या नव्या हक्काचा फायदा मिळतो का, यावर पुढे बरीच वर्षं कोर्टात उलटसुलट निकाल येत राहिले. बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे २००६ च्या उन्हाळ्यात मामांना नेमकं काहीच ठाऊक नव्हतं, फक्त ‘आता बहिणींना अर्धा वाटा’ अशी आवई कानावर आली होती. भिऊन घाई करणारा भाऊ खलनायकापेक्षा कादंबरीला कितीतरी कामाचा असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. बाप वारल्यावर तलाठ्याकडे वारस नोंद होते, तेव्हा बहिणींची नावं कागदावर येतात, कित्येकदा ‘इतर हक्क’ या रकान्यात. मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र होतं, फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, होतो आणि नावं उतरतात. म्हणजे तुमच्या आईचं नाव काही काळ त्या सातबाऱ्यावर असू शकतं. तिला ते माहीत होतं का? कुणी दाखवलं का? मी तुमच्या जागी असते तर जुना उतारा आणि त्यावरचे फेरफार क्रमांक काढून आणले असते. कथेत वापरायला नाही, स्वतःला खात्री असावी म्हणून.

आता सहीच्या खोलीत कोण कोण आहे ते पाहा. मामा, दोन साक्षीदार, आई, आणि आईची आई. विधवा म्हणून तीही वारस होती, तिचाही अंगठा तिथे उमटला असणार. तुमच्या आराखड्यात ही बाई फक्त आखाजीला सांजोऱ्या करताना दिसते. तिला आत आणा. ती लेकीला म्हणते, “मना आंगठा शे ना तठे. तू बी कर.” ती असं का म्हणते? लेकीवर तिची माया कमी नाही. पण तिला उरलेली भाकर मुलाच्या चुलीवरची, सुनेच्या हातची खायची आहे. लेकीचा वाटा हे तिच्या म्हातारपणाचं भाडं आहे आणि ते ती लेकीकडून भरून घेते. लेकीला हे कळतं, म्हणून ती सही करते. भावासाठी केली असं पुढे सगळ्यांना सांगते, पण केलेली असते आईसाठी. यात कुणी दुष्ट नाही, आणि तरी एकीने दुसरीचं काहीतरी घेतलेलं आहे. तुमच्या पानांत मी शोधत होते ते हेच.

इथे थांबू नका. तीच आई सासरी सून आहे. तुमच्या वडिलांना बहीण आहे, आराखड्यात एका ठिकाणी ‘आत्या दोंडाईच्याहून आली’ एवढंच. मग आत्याच्या सहीचं काय झालं? तुमच्या वडिलांची जमीन एकट्यांच्या नावावर आहे, म्हणजे कधीतरी आत्यानेही हक्क सोडलेला आहे. तेव्हा साडी कुणी निवडली? माझी पैज आहे, तुमच्या आईने. लेक म्हणून तिने जे गमावलं तेच सून म्हणून कमावलं, आणि कदाचित एकाच दशकात. आता तुमच्याकडे या. पुण्याच्या कॉलेजची फी, होस्टेल, पहिलं भाडं, हे तिसऱ्या भागात तुम्ही ‘बाबांनी पोटाला चिमटा काढून’ दिलं असं लिहिलंय. त्या जमिनीच्या उत्पन्नात आत्याने सोडलेला हिस्सा आहे. सुटलेली मुलगी आत्याच्या पैशावर सुटली. हे कळल्यावर तिसऱ्या भागातला तो न्यायाधीशाचा स्वर आपोआप खाली येईल. सध्या तुमची ‘मी’ सगळ्यांकडे वरून पाहते, आणि तिचं स्वतःचं काही पणाला लागलेलं नाही.

तिच्यासाठीही एक कागद हवा. तुमच्या भावाचं लग्न झालंय, वहिनी गावी राहते, तुमच्याच वयाची आहे. ती आराखड्यात नाही. आईचे गुडघे, दवाखाना, गॅसचा नंबर, रात्री उठून पाणी देणं, सगळं तिच्याकडे. उद्या भावाने कागद पुढे केला तर तुम्ही सही करणार का? शहाणी, कमावती, कायदा माहीत असलेली नणंद सही करत नाही आणि वहिनी म्हणते, “मग आईंना घेऊन जा पुण्याला.” या वाक्याला तुमच्या नायिकेकडे काय उत्तर आहे? मला ठाऊक नाही, तुम्हालाही नसेल. तिसरा भाग तिथून लिहा.

रचनेबद्दल. मागे-पुढे जाणाऱ्या आठवणी तुम्ही फार वापरता. फोटो दिसला की आठवण, वास आला की आठवण. त्यापेक्षा एकच सण घ्या आणि तो वेगवेगळ्या वर्षी दाखवा. आपल्याकडे त्यासाठी कानबाई या देवीच्या सणासारखी गोष्ट नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी विसर्जन, आणि भाऊबंद जिथे असतील तिथून घरी यावे लागतात. सुरतेच्या उधना-लिंबायतमधून माणसं येतात, नाशिकहून येतात, वर्षभर न बोलणारे सख्खे भाऊ एका पंगतीत बसतात. बऱ्याच घरांत नैवेद्याच्या रोटांचं धान्य घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ असं घेतात. रीत घरागणिक बदलते, तुमच्या घरची नीट विचारून घ्या. पण ही मुठींची मोजणी म्हणजे घराण्याची शिरगणतीच आहे, आणि ती बाईच्या हाताने होते. १९९५ च्या कानबाईचं पान मी असं काहीसं पाहते:

‘पहिली मूठ आजीने न बोलता भरली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. वर चिमूटभर टाकले, तो सव्वा. मग मोठ्या काकांचं नाव, बाबांचं नाव. सुरतच्या काकांच्या नावाला तिचा हात जरा थांबला. चार वर्षं ते आले नव्हते, त्यांची बायको कोर्टाच्या गोष्टी करत होती. मूठ तरी पूर्ण भरली. मग पाळण्यातल्या भावाचं, ते मोठ्याने. आत्या उंबऱ्यात बसून गहू निवडत होती. तिने निवडलेलेच गहू परातीत होते. “व्हई गयं?” आईने विचारलं. “व्हई गयं,” आजी म्हणाली. मी परातीत हात घातला तर आत्याने माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं.’

यात एकही भावना नाव घेऊन सांगितलेली नाही, आणि आत्या इथे फक्त गहू निवडते. पण वाचक पुढे सहीच्या प्रकरणाला पोचला की हे मनगट त्याला आठवेल. हीच मोजणी १९५८ मध्ये दाखवा, आजी तरुण सून असताना. १९७२ च्या श्रावणात दाखवा, पाऊस नसताना, रेशनवर लाल मिलो ज्वारी येण्याच्या दिवसांत त्या घराने गहू कुठून आणला ते विचारा. आणि एकदा आत्ताची, वहिनीच्या हातून. चार मोजण्या पुरेत. मधलं सगळं वाचक भरून काढतो.

काळाचा हिशेब तुमचा सैल आहे, तो भिंतीवर तक्ता लावून घट्ट करा. आजीचा जन्म १९३८, लग्न १९५१, म्हणजे तेराव्या वर्षी. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं वय चौदा ठरवलं होतं आणि १९४९ मध्ये ते पंधरा झालं, म्हणजे हे लग्न कागदावर बेकायदा होतं आणि गावात कुणाला त्याची फिकीर नव्हती. १९५५ च्या प्रसंगात सासू तिला ‘पंचवीस पैसे’ देते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, तेव्हा ते चार आणेच. ती स्वतःला ‘धुळे जिल्ह्यातली’ म्हणवते, पण तिच्या लहानपणी तो पश्चिम खानदेश होता आणि तिचं अमळनेरकडचं व्याही-घर पूर्व खानदेशात. नंदुरबार तुम्ही २००३ मध्येही धुळे जिल्ह्यात ठेवलंय, ते १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र आहे. वाचक अशा चुका पत्र लिहून कळवत नाही, फक्त त्याचा विश्वास उडतो.

घरातल्या वस्तूही काळाने तपासा, कारण बायकांची आपसातली बोलणी वस्तूंभोवती होतात. जात्यावर सासू आणि सून समोरासमोर बसतात, खुंट्याला दोघींचे हात असतात, भांडण झालेलं असलं तरी. गावात पिठाची गिरणी आली आणि ती पहाटेची बैठक मोडली. पण त्याच गिरणीने सुनेला डोक्यावर डबा घेऊन घराबाहेर पडायचं निमित्त दिलं. गिरणीच्या रांगेत तिला दुसऱ्या घरांच्या सुना भेटल्या, आणि सासूला पहिल्यांदा प्रश्न पडला की ही तिथे काय बोलत असेल. तुमच्या आजीच्या आयुष्यात गिरणी कधी आली ते शोधा. त्या वर्षानंतर घरातली सत्ता थोडी सरकलेली असेल.

अहिराणीचं. निवेदन प्रमाण मराठीत राहू द्या, तुमचा हात तिथे चांगला आहे. अहिराणी संवादात, पण सगळ्यांच्या तोंडी सारखी नको. आजी फक्त अहिराणी बोलेल. आई आजीशी अहिराणी, गुरुजींशी प्रमाण, आणि तुमच्याशी मुद्दाम प्रमाण बोलेल, कारण शाळेत पोरीला कुणी हसू नये. तुम्हाला अहिराणी पूर्ण समजते आणि उत्तर देता येत नाही. आजी म्हणते, “जेई ले, मंग बोल,” आणि नात म्हणते, “हो, जेवते.” दोघींमधलं अंतर दाखवायला एवढं पुरतं. शेवटी शब्दार्थांची यादी देऊ नका, संदर्भाने न कळणारं वाक्य काढून टाका. आणि एक सावधगिरी. यावल-रावेरकडची लेवा गणबोली वेगळी, तुमच्याकडची अहिराणी वेगळी. तुमच्या आजीच्या तोंडी काही वाक्यं तिकडची आली आहेत, बहुधा बहिणाबाईंच्या ओळी कानात असल्यामुळे. बहिणाबाई आसोद्याच्या, जळगावकडच्या. शिरपूरची म्हातारी तसं बोलणार नाही.

बहिणाबाईंवरून आठवलं. आजीचा भाग तुम्ही प्रथमपुरुषी लिहिलाय: ‘मी तेव्हा आकाशाकडे पाहून स्वतःलाच शोधत होते.’ अक्षर न येणारी बाई स्वतःशी असं बोलत नाही, ही तुमची वही आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून टिपली आणि त्या १९५१ मध्ये गेल्यावर मुलाने, सोपानदेवांनी, ती १९५२ मध्ये प्रसिद्धीला आणली. न लिहिणाऱ्या बाईचा शब्द कागदावर येतो तेव्हा मध्ये कुणीतरी ऐकणारं असतं. तुमच्या कादंबरीत ती नात आहे. मग तिला तिथे दिसू द्या. ती कधी विचारते, आजी कधी विषय बदलते, कुठली गोष्ट दोन वेळा दोन तऱ्हांनी सांगते. आजीने सासूच्या छळाचे किस्से रंगवून सांगावेत आणि सुनेचा विषय निघाला की भाजी निवडायला घ्यावी. नातीने ते टिपावं, आणि काही न टिपता सोडूनही द्यावं, कारण सुनेचा विषय म्हणजे तिची आई.

पुरुषांबद्दल फार सांगत नाही. त्यांना वाईट करू नका, नुसते गैरहजरही ठेवू नका. वडिलांना एक निर्णय द्या जो त्यांनी बायकोला न विचारता घेतला आणि जो बरोबर निघाला. म्हणजे तिला रागवायलाही जागा उरणार नाही.

आईला दाखवायचं की नाही? पूर्ण होईपर्यंत पानं दाखवू नका, पण माहिती विचारा. परवानगी मागितली तर ती ‘लिही गं’ म्हणेल आणि त्या दिवसापासून जपून बोलेल. बारीकसारीक विचारा: २००६ ला मामा जीप घेऊन आले होते की मोटारसायकल, कार्यालयात किती वेळ बसवलं, पाणी कुणी आणलं, साडी कुठल्या रंगाची, ती नंतर नेसली का. बायका दुःख सांगायला कचरतात, किंमत आणि रंग मात्र चोख सांगतात. गाव, तालुका, भावंडांची संख्या बदला. हक्कसोडीचा प्रसंग खान्देशातल्या इतक्या घरांत झालाय की तो तुमचाच म्हणून कुणी ओळखणार नाही, पण एखादी लकब, एखादं टोपणनाव हमखास ओळखलं जातं. छापायला देण्याआधी आईला पूर्ण वाचून दाखवा, तिने स्वतः वाचण्याऐवजी तुम्ही मोठ्याने. कुठे ती मध्येच तोडते तिथे खूण करा. तोडलेलं प्रत्येक ठिकाण काढायचं असं नाही, पण ते पुन्हा लिहावं लागेल.

आणि दोंडाईच्याला आत्याकडे जा. दिवाळीआधी, कापूस वेचणीची गर्दी सुरू व्हायच्या आत. एकटीच जा, आईला बरोबर घेऊन नको. ती समोर असेल तर आत्या साडी छान होती एवढंच सांगेल.